भिंत पांढरीच होती: एका सॅम्पल फ्लॅटच्या फोटोंचं प्रकरण

रावेतमधल्या एका गृहप्रकल्पाच्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो चिंचवडच्या एका छोट्या स्टुडिओने काढले. स्टुडिओ दोन भावांचा आहे. थोरला शूट करतो, धाकटा एडिटिंग सांभाळतो. घाई असेल तेव्हा थोरलाही रात्री लॅपटॉप उघडून उरलेले फोटो हातावेगळे करतो. फोटो बिल्डरकडे गेले आणि दोन-चार दिवसांत तिथल्या मार्केटिंगच्या माणसाचा फोन आला: "सर, हॉलची भिंत क्रीम दिसतेय आणि बेडरूमची निळसर. आम्ही दोन्हीकडे एकच पांढरा मारलाय. किचनच्या ट्रॉल्यांचा सनमायका ग्रे आहे, तो फोटोत मातकट झालाय. लोक साइटवर आले की विचारणारच ना?"

तक्रार रास्त होती. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 असं सांगतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची. भिंतीच्या छटेवरून कुणी महारेराकडे धाव घेईल असं मला वाटत नाही. पण फोटो आणि जागा जुळली पाहिजे, हा बिल्डरच्या ऑफिसाचा आग्रह मला मनापासून पटतो. कुणीतरी वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन ते घर बघायला येणार असतं.

थोरल्याचा संशय कॅमेऱ्यावर होता, धाकट्याचा बिल्डरच्या माणसाच्या फोनवर. मॉनिटर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचे रंग प्रमाणात आणायचं, यंत्र घ्यावं का, असंही त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आधी दोष मॉनिटरचा आहे हे तर ठरू दे. अशा प्रकरणांत लोक सरळ यंत्र मागवतात, स्क्रीनवर लावतात, रंग थोडा बदललेला दिसतो आणि काम झालं असं समजतात. मूळ दोष भलतीकडेच असेल तर तो तसाच राहतो.

फाइल काय सांगते

फाइल तपासायला स्क्रीन चांगली असावी लागत नाही, कारण फाइलमध्ये आकडे असतात. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीवर कर्सर नेला की लाल, हिरवा आणि निळा यांचे टक्के दिसतात. तिन्ही सारखे असतील तर तो भाग निव्वळ पांढरा किंवा करडा. हॉलच्या भिंतीवर लाल 89, हिरवा 86, निळा 78 होते. निळा इतका मागे म्हणजे भिंत पिवळी. बेडरूममध्ये नेमकं उलटं: लाल 82, हिरवा 85, निळा 90. म्हणजे पिवळेपणा आणि निळेपणा दोन्ही फाइलमध्येच होते. फोनवरचा संशय इथेच मिटला.

आता कॅमेरा. मूळ रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइली, होत्या, आणि थोरल्याला एक चांगली सवय आहे: प्रत्येक खोलीत पहिली फ्रेम ग्रे कार्ड, म्हणजे निव्वळ करड्या रंगाचं कार्ड, ठेवून घ्यायची. खिडकीच्या उजेडात घेतलेल्या त्या फ्रेमवर आयड्रॉपर मारून (म्हणजे 'हा भाग करडा आहे' असं सॉफ्टवेअरला दाखवून) तोच व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या छटेची तीच दुरुस्ती, त्या खोलीच्या फ्रेमला दिली, तेव्हा हॉल आणि बेडरूम दोन्हीकडे भिंत जवळजवळ सारखी आली: लाल 88, हिरवा 87, निळा 85. कॅमेरा निर्दोष होता.

इथे बरेच जण चुकतात म्हणून थोडं थांबतो. भिंतीवर तिन्ही आकडे समान झाले नाहीत आणि ते व्हायलाही नको होते. बाजारातले बहुतेक पांढरे रंग निखळ पांढरे नसतात, त्यांत पिवळ्याची किंवा करड्याची किंचित झाक मुद्दाम ठेवलेली असते. या फ्लॅटचा पांढराही थोडा उबदार होता. जो एडिटर थेट भिंतीवर आयड्रॉपर मारतो तो ही झाक पुसून टाकतो, आणि तिच्याबरोबर सोफ्याचा, लाकडाचा, फरशीचा रंगही निळ्याकडे सरकवतो. आयड्रॉपर कार्डावर मारायचा आणि भिंत जशी येईल तशी येऊ द्यायची.

मग कार्डाची फ्रेम असताना रंग बिघडला कसा? धाकट्याने कार्डावरून व्हाइट बॅलन्स लावला होताच. लावल्यावर त्याला खोली निळसर, थंड दिसली, म्हणून त्याने टेम्परेचरची पट्टी उजवीकडे, म्हणजे पिवळ्याकडे, ओढली. थोरल्याने रात्री तेच केलं, फक्त पट्टी डावीकडे, निळ्याकडे ओढली. दोघांनीही डोळ्यांवर विश्वास ठेवून बरोबर फाइल बिघडवली होती. एक्स्पोर्ट झालेल्या फाइलींच्या वेळा पाहिल्या तर चित्र स्पष्ट झालं. हॉल आणि किचनच्या पिवळ्या फाइली सगळ्या दुपारच्या, डेस्कवरच्या मॉनिटरवरून गेलेल्या. निळसर बेडरूम सगळ्या रात्रीच्या, लॅपटॉपवरच्या.

लॅपटॉपचं कारण पाच मिनिटांत सापडलं. विंडोजमधला नाइट लाइट सूर्यास्त ते सूर्योदय असा लावून ठेवलेला होता. दिवस मावळला की स्क्रीन हळूहळू पिवळी होते. डोळा त्या पिवळेपणाशी जुळवून घेतो, पण पुरतं नाही. लाइटरूमची चौकट गडद करडी असते आणि शेजारी खराखुरा पांढरा काहीच नसतो, त्यामुळे तुलना होते ती आठवणीतल्या पांढऱ्याशी. (लाइटरूम क्लासिकमध्ये फोटोभोवतीच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून ती पांढरी करता येते. घरांचे फोटो करणाऱ्या प्रत्येकाने ती अधूनमधून पांढरी करून बघावी. भिंतीचा रंग लगेच उघडा पडतो.)

मॉनिटर मोजला तेव्हा

डेस्कवरच्या मॉनिटरसाठी मात्र कलरीमीटर लागणार होता. ओळखीच्या एका स्टुडिओकडून तो आणला. स्क्रीनच्या मधोमध टेकवून ठेवायचं हे छोटं यंत्र. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगीत चौकोन दाखवतं आणि यंत्र त्यांचा उजेड आणि रंग मोजतं. सॉफ्टवेअर म्हणून डिस्प्लेकॅल वापरलं. ते मोफत आहे आणि त्यामागे आर्गिल सीएमएसचं इंजिन चालतं. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवला, कारण थंड स्क्रीनचा रंग आणि उजेड स्थिरावलेला नसतो.

स्क्रीनचा पांढरा साधारण 7,700 केल्विनवर निघाला. (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा.) वेबवरच्या फोटोंचं प्रमाण म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते 1996 मध्ये मांडलं, आणि त्याचा पांढरा बिंदू डी65, म्हणजे सुमारे 6,500 केल्विन. हा मॉनिटर त्याहून पुष्कळच निळा होता. उजेड चौरस मीटरला 300 कॅन्डेलाच्या वर. मेनूत रंगाचा मोड 'कूल' आणि ब्राइटनेस पूर्ण, जसा खोक्यातून निघाला तसाच.

निळ्या स्क्रीनवर बरोबर फाइल निळी दिसते, म्हणून माणूस तिला पिवळी करतो. झगझगीत स्क्रीनवर फाइल उजळ दिसते, म्हणून माणूस तिला काळवंडवतो. तराजूत पासंग असेल तर दुकानदार कितीही प्रामाणिक असो, माप चुकणारच. तसं धाकट्याचं झालं होतं. त्याचा डोळा चांगला आहे. त्याने प्रत्येक वेळी नेमकं तेवढंच दुरुस्त केलं जेवढं स्क्रीनने त्याला चुकीचं दाखवलं.

या मोजणीने एक जुना वादही मिटवला. या स्टुडिओच्या फोटोंची ब्रोशरं छापून आली की काळपट येत, आणि ठपका दरवेळी छापखान्यावर बसे. छापणारा बिचारा सांगत राहायचा की फाइलच डार्क आहे. तो खरं सांगत होता.

दुरुस्ती

कॅलिब्रेशन म्हणताना आपण दोन कामं एकत्र बोलतो. पहिलं काम म्हणजे मॉनिटर ठरलेल्या स्थितीत आणणं: पांढरा बिंदू, उजेड, आणि गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जातो ते. दुसरं म्हणजे त्या स्थितीत मॉनिटर प्रत्यक्षात कोणता रंग कसा दाखवतो याचं वर्णन एका आयसीसी प्रोफाइलमध्ये लिहिणं. ते वाचून लाइटरूम आणि फोटोशॉप उरलेली चूक भरून काढतात. दुसऱ्याने इंटरनेटवर टाकलेली त्याच मॉडेलची प्रोफाइल उतरवून काम होत नाही. ती त्याच्या मॉनिटरचं वर्णन असते.

पहिलं काम शक्य तेवढं मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी करायचं, आणि घरांच्या फोटोंसाठी हे फार महत्त्वाचं आहे. साध्या मॉनिटरला प्रत्येक रंगाचे 8 बिट, म्हणजे 256 पायऱ्या मिळतात. निळा खाली आणायचं काम सॉफ्टवेअरने ग्राफिक्स कार्डातून केलं, तर निळ्याच्या वरच्या पायऱ्या वापरातूनच जातात. माणसाच्या चेहऱ्याच्या फोटोत ते कळणार नाही. पण आपल्या फोटोंत असतं काय? मोठ्या कोऱ्या भिंती आणि पीओपीचं छत, ज्यावर कोव्ह लाइटचा, म्हणजे छताच्या खाचेत लपवलेल्या दिव्यांचा, उजेड कडेपासून मधोमध हळूहळू विरत जातो. तिथे तुटलेल्या पायऱ्यांचे पट्टे दिसू लागतात, आणि ते फाइलमध्ये आहेत की स्क्रीनवर, हे एडिटरला कळत नाही.

म्हणून मॉनिटर आधी फॅक्टरी रीसेट केला. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, लो ब्लू लाइट सगळं बंद. 'यूजर' मोडमध्ये जाऊन निळ्याचा गेन बराच आणि हिरव्याचा किंचित कमी केला, तो डिस्प्लेकॅल डी65 दाखवेपर्यंत. कॉन्ट्रास्टला हात लावला नाही. ब्राइटनेस उतरवत 110 कॅन्डेलाच्या आसपास आणला, गॅमा 2.2 ठेवला, मग प्रोफाइल बनवली.

110 च का? हा आकडा कुठल्या ग्रंथातून उचललेला नाही. एसआरजीबीच्या मूळ व्याख्येत स्क्रीनचा उजेड 80 कॅन्डेला धरलाय, पण ती बऱ्याच अंधाऱ्या खोलीची कल्पना आहे. बरेच फोटोग्राफर 120 धरतात. खरी कसोटी खोलीतल्या उजेडाची. स्क्रीनवर कोरा पांढरा उघडायचा, शेजारी खोलीच्या उजेडात कोरा कागद धरायचा, आणि दोन्ही साधारण सारखे उजळ दिसले पाहिजेत. या खोलीत 110 ला ते जुळले.

त्यासाठी आधी खोली सरळ करावी लागली. पश्चिमेची खिडकी, तिला केशरी पडदा आणि दुपारचं ऊन थेट टेबलावर. अशा खोलीत अचूक मॉनिटरही दर तासाला वेगळा दिसेल. पडदा बदलून जाड करडा लावला. मॉनिटरच्या मागे 6,500 केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) 90 च्या वर असलेला दिवा बसवला, तोही अशा बेताने की त्याचा उजेड स्क्रीनवर पडू नये. सगळ्या कामातला सगळ्यात कमी खर्च हा होता, आणि पहिल्या दिवसापासून फरक जाणवला तोही याचाच.

कॅलिब्रेशन झाल्यावर पहिला तास अवघड जातो, हे आधीच सांगून ठेवलं होतं. धाकट्याला स्क्रीन मळकट, पिवळी आणि मंद वाटली. वर्षानुवर्षं निळा पांढरा बघितलेल्या डोळ्याला खरा पांढरा पिवळाच वाटतो. त्या तासात पुन्हा मेनूत जाऊन 'थोडं' सुधारायचा मोह झाला तर सगळं पाण्यात जातं.

लॅपटॉपची कथा वेगळी. नाइट लाइट बंद केला आणि यंत्राने मोजला, तरी स्वस्त पॅनेलची मर्यादा राहतेच. तो एसआरजीबीतले बरेच भडक रंग दाखवूच शकत नाही, आणि मान थोडी हलली की उजेड बदलतो. जे रंग पॅनेलमध्ये नाहीत ते कुठलीही प्रोफाइल आणून देत नाही. मी ठामपणे सांगितलं की लॅपटॉपवर निवड करा, उभ्या रेषा सरळ करा, क्रॉप करा, पण रंगाला हात लावू नका. थोरल्याला ते पटायला वेळ लागला, कारण रात्रीची घाई खरी असते. शेवटी रात्री घाई असेल तर तोच डेस्कवर बसेल, असं ठरलं.

ताळा

सॉफ्टवेअरने पडताळणीत दिलेला डेल्टा ई, म्हणजे अपेक्षित आणि दिसणारा रंग यांतलं अंतर, सरासरी 2 च्या आत आला. साधारण 1 च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो, त्यामुळे या मॉनिटरकडून एवढं पुष्कळ. पण निव्वळ आकड्याने धाकट्याची खात्री पटली नसती, म्हणून साइटवरच्या पेंटरकडून त्याच डब्यातला रंग मारलेला प्लायवूडचा तुकडा मागवला. तो मागच्या दिव्याच्या उजेडात मॉनिटरशेजारी ठेवला आणि कार्डावरून व्हाइट बॅलन्स केलेली हॉलची फाइल उघडली. भिंत आणि तुकडा डोळ्याला एकच वाटले. दिवा 6,500 केल्विनचा घेण्याचं कारण हेच: पिवळ्या बल्बखाली तो तुकडा क्रीम दिसला असता आणि आपण पुन्हा फाइलवर संशय घेतला असता.

"पण गिऱ्हाईक बघणार मोबाइलवर. प्रत्येकाचा मोबाइल वेगळा. मग आपण एवढी मरमर कशाला करायची?" हा धाकट्याचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण जवळजवळ प्रत्येक एडिटर तो विचारतो. उत्तर असं की घर शोधणारा माणूस आपला फोटो एकटा बघत नाही. पोर्टलवर आपल्या फ्लॅटच्या वर एक फ्लॅट असतो, खाली दुसरा, आणि तिन्ही त्याच्या एकाच फोनवर दिसतात. त्याचा फोन निळा असेल तर तिन्ही निळे दिसतात, आणि त्याच्या डोळ्याला त्याची सवय असते. फोनचा दोष सगळ्या फोटोंना सारखा लागतो. फाइलचा दोष फक्त आपल्या फोटोला लागतो, आणि नेमका तोच शेजारच्यांच्या तुलनेत उठून दिसतो. शिवाय फाइल आधीच पिवळी असेल तर पिवळट स्क्रीनच्या फोनवर चूक दुप्पट होते. फाइल मध्यावर असेल तर प्रत्येकाला फक्त आपापल्या फोनची चूक बघावी लागते.

हॉल, किचन आणि बेडरूमचे फोटो मूळ रॉ फाइलींपासून पुन्हा केले. जुन्या एडिट्सवर नव्याने पट्ट्या ओढायचा प्रयत्न केला नाही. एक्स्पोर्ट एसआरजीबीत, प्रोफाइल फाइलमध्ये जोडून. अडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या दुसऱ्या प्रमाणात पाठवलेली फाइल रंग व्यवस्थापन न पाळणाऱ्या ॲपमध्ये फिकट दिसते, आणि बिल्डरच्या ऑफिसात ती कशात उघडतील हे आपल्या हातात नसतं.

आणि मग जे दिसलं ते दोघांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं. हॉलच्या एकाच भिंतीवर दोन रंग होते: खिडकीजवळ निळसर, कोव्ह लाइटखाली केशरी. आजवर स्क्रीनच्या निळेपणाखाली आणि वरून चढवलेल्या पिवळेपणाखाली हे झाकलेलं होतं. खिडकीतून दिवसाचा उजेड येतो, छतात 3,000 केल्विनचे एलईडी लावलेले असतात, आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळे दिवे चालू ठेवून फोटो काढायची पद्धतच आहे. कुठलाही एक व्हाइट बॅलन्स अशा खोलीला पुरत नाही. मॉनिटरचा इथे काही संबंध नाही; उपाय शूटच्या वेळचा आहे. एक फ्रेम दिवे बंद ठेवून, एक दिवे चालू ठेवून, एक छतावर फ्लॅश उडवून. मग भिंतींचा रंग फ्लॅशच्या फ्रेममधून घ्यायचा आणि दिव्यांची ऊब हव्या तेवढ्या जागी लेअरमधून आणायची. थोरल्याने पुढच्या फ्लॅटपासून तसं सुरू केलं.

ब्रोशरचं थोडक्यात सांगतो. छापखान्याकडून त्यांच्या कागदाची आणि मशीनची प्रोफाइल मागून घ्यायची, सॉफ्टप्रूफमध्ये, म्हणजे छापल्यावर रंग कसे येतील ते स्क्रीनवरच, बघायचं आणि छापील प्रूफ 5,000 केल्विनच्या उजेडात तपासायचं. बिल्डरच्या साइट ऑफिसात पिवळे डाउनलाइट आहेत. तिथे टेबलावर ठेवलेलं प्रूफ बघून कुणी "भिंत पिवळी आहे" म्हणालं, तर आधी ते प्रूफ बाहेर उजेडात न्यायला सांगायचं.

किचनच्या सनमायक्याचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. भिंत आणि फरशी बरोबर आल्यावरही तो करडा किंचित जांभळट येतो. काही पदार्थ कॅमेऱ्याच्या सेन्सरला डोळ्यापेक्षा वेगळे दिसतात, आणि त्याला मॉनिटर जबाबदार नसतो. त्यासाठी सनमायक्याच्या दुकानातून त्या शेडचा तुकडा आणून तो मॉनिटरशेजारी ठेवायचा आणि फक्त तेवढ्या भागाला मास्क लावून रंग जुळवायचा, असं धाकटा करतो. मॉनिटरवर आता भरवसा असल्यामुळे ही जुळवणी टिकते. कलरीमीटर त्यांनी आणखी दोन फोटोग्राफरांबरोबर मिळून घेतला आहे. महिन्यातून एकदा तो चिंचवडला येतो. बॅकलाइट जुना होतो तसा पांढरा सरकत राहतो, त्यामुळे दर वेळी थोडी दुरुस्ती निघतेच.